दादाचा एएफपी नॉर्मल होता

दादाला हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला होणारा एका व्हायरसचा संसर्ग, आहे हे आम्हाला कळलं ते मंडळाच्या रक्तदान शिबिरामुळे, ब्लड बँकेतून फोन आला, आणि घरात दोन दिवस सगळे हेच धरून बसले होते की बी पॉझिटिव्ह म्हणजे ब्लड ग्रुप. नंतर खरं काय ते समजल्यावर आई म्हणाली गावाला कावीळ उतरवणारे आहेत त्यांच्याकडे जाऊया, पण दादाला कावीळ कधी झालीच नव्हती. डोळे पांढरेशुभ्र, जेवण व्यवस्थित, भांडुपहून रोज लोकलने कामाला. हा आजार वर्षानुवर्षं असाच गुपचूप बसून असतो.

डॉक्टरांनी सांगितलं दर ६ महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी आणि एएफपी, म्हणजे लिव्हर कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ताची टेस्ट. गेल्या वर्षी एएफपी ४ आला, लॅबवाला म्हणाला सगळं नॉर्मल आहे, झालं, दादाने सोनोग्राफी पुढे ढकलली. वहिनी मात्र ऐकेना, तिने भांडून नेलं त्याला, आणि त्यात २ सेंटिमीटरची गाठ दिसली. मग ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेतून डाय सोडून वेगवेगळ्या टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन. निरोगी लिव्हरला जास्त रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं आणि या गाठीला धमनीतून, म्हणून डाय सोडल्यावर गाठ आधी चमकते आणि मग बाकी लिव्हरपेक्षा फिकी पडते. दादाचं अगदी तसंच झालं. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, नव्हता तरी कॅन्सर, कारण बी चा व्हायरस स्वतःचा डीएनए लिव्हरच्या पेशीच्या डीएनएमध्येच घुसवतो. गाठ लहान होती म्हणून सुई घालून जाळता आली.

तेव्हापासून मला एकच प्रश्न छळतोय, एवढं रक्त काढतात तर रक्तात कळत का नाही?

एएफपी हे खरं तर पोटातल्या बाळाच्या लिव्हरचं प्रोटीन, १९६०च्या दशकात ते लिव्हर कॅन्सरमध्ये सापडलं आणि आजही तेच वापरतोय. पण लहान गाठी बऱ्याचदा ते सोडतच नाहीत आणि उलट नुसता हिपॅटायटिस भडकला तरी ते वाढतं. म्हणून आता रक्तातल्या पेशीच शोधायचं काम चाललंय. गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात, पण १ मिलीलिटर रक्तात लाल पेशीच ५०० कोटींच्या आसपास, त्यात या मोजक्या दोनचार! त्यांच्या अंगावरच्या एपकॅम नावाच्या खुणेला चुंबकी कण चिकटवून ओढून काढायची मशीन आहे, अमेरिकेत २००४मध्ये पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी तिला मंजुरी मिळाली, पण लिव्हर कॅन्सरच्या कितीतरी पेशींवर एपकॅम नसतंच, त्या निसटतात. दुसरा रस्ता आपल्याच टी सेल्सचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. वर्षानुवर्षं लढून थकलेल्या टी सेलवर पीडी-१ ही खूण वाढते, ती लेझरसमोरून एकेक पेशी सोडून मोजता येते. मला हा रस्ता जास्त पटतो, कारण गाठ लपली तरी तिच्याशी लढणारे तर रक्तात दिसतील ना. पण अडचण पण तिथेच आहे, दादाच्या टी सेल्स व्हायरसशी लढूनच आधी थकलेल्या, मग हा थकवा व्हायरसचा की कॅन्सरचा हे कसं ओळखायचं? निरोगी माणसाशी तुलना करून उपयोग नाही, ज्याला हिपॅटायटिस आहे पण कॅन्सर नाही अशा माणसाशी करायला हवी, आणि तीही वर्षानुवर्षं त्याच माणसाचं रक्त तपासत राहून. ते होईपर्यंत कृपा करून एएफपी नॉर्मल आला म्हणून सोनोग्राफी सोडू नका, अगदी हात जोडून सांगते.

सीटीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, आईची टेस्ट केलीये का? कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हा व्हायरस जन्माच्या वेळी आईकडून बाळाला जातो आणि तेव्हा गेला तर बहुतेकदा कायमचा राहतो. माझी निगेटिव्ह आली, वहिनी आणि मुलांची पण, सगळ्यांनी लस सुरू केली. आईची पॉझिटिव्ह आली. ७१ वर्षांची आहे, आयुष्यात कधी कावीळ नाही. रिपोर्ट कळल्यावर ती बराच वेळ दादाकडे बघत राहिली, म्हणाली माझ्यामुळे झालं का रे तुला, आणि दादा तिच्या पायाशी जाऊन बसला.

गुरुवारी तिची पहिली सोनोग्राफी आहे. उपाशीपोटी जायचंय म्हणून सकाळची पहिली वेळ घेतलीये, दादाच घेऊन जाणार आहे.