मिसिसॉगा ते फोर्ट मायर्स: थंडीतले ८९ दिवस भाड्याच्या घरात

यंदा पहिल्यांदाच आम्ही दोघं हिवाळ्यातले सगळ्यात वाईट महिने फ्लोरिडात काढून आलो. ३ जानेवारीला कॅनडातल्या मिसिसॉगाहून निघालो, १ एप्रिलला बॉर्डर ओलांडून परत. आल्यापासून ओळखीतले सगळे फोन करून तेच तेच विचारतायत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, पुढच्या वर्षी जायचा विचार असेल तर उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं, ह्यांचे गुडघे तर आधीपासूनच दुखतात, त्यामुळे रिटायर झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारी घरात कोंडून काढायचा नाही हे ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर आम्ही गेलो ते तिथे एखादा कॉन्डो (सोसायटीतला फ्लॅट) विकत घ्यायचा असं जवळजवळ मनात धरूनच, भाड्याचं घर म्हणजे तोवरची सोय. आता परत आल्यावर विकत घ्यायचा विचार पूर्ण सोडलाय, त्याचं कारण पुढे येईलच.

निघायचं होतं नोव्हेंबरमध्ये. पण १ ऑक्टोबरला डॉक्टरांनी ह्यांची बीपीची गोळी बदलली आणि मी ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद नीट वाचायला बसले तेव्हा कळलं की आमच्या पॉलिसीत आधीपासूनचा आजार निघण्याआधी ९० दिवस ‘स्टेबल’ असायला हवा, आणि गोळी बदलली, डोस वाढवला, इतकंच काय डोस कमी केला तरी ते स्टेबल धरत नाहीत. म्हणजे नोव्हेंबरमध्ये गेलो असतो आणि बीपीमुळे काही झालं असतं तर सगळं बिल आमच्या डोक्यावर. ओहिप (आमच्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) बाहेरच्या देशात हॉस्पिटलात ॲडमिट झालात तर दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनडियन डॉलर देतं, अमेरिकेतल्या बिलापुढे ते काहीच नाही. म्हणून ९० दिवस मोजले आणि जानेवारी धरला. कृपा करून हे वाचून सोडून देऊ नका, मेडिकलचा फॉर्म भरताना फॅमिली डॉक्टरांकडून औषधांची यादी तारखांसकट घ्या आणि ती समोर ठेवूनच भरा, आठवणीवर जाऊ नका. कुठल्या पॉलिसीत ९० दिवस असतात, कुठल्या १८०, तेही बघा. औषधं मूळ बाटल्यांमध्येच न्या.

घर बंद करताना ह्यांनी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे केले, हीटिंग १५ वर ठेवलं. पण तेवढ्यावर भागत नाही, घराच्या इन्शुरन्समध्येही अट असते की हिवाळ्यात घर रिकामं असेल तर कोणीतरी ठरावीक दिवसांनी येऊन बघायला हवं, आणि नुकसान झालं तर त्याचा पुरावा मागतात. आमच्या शेजारच्या काकू येऊन थर्मोस्टॅटचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायच्या, तारीख वेळ आपोआप राहते. कंपनीला फोन करून किती दिवसांनी हवं ते आधीच विचारा.

आता रस्ता. ४०१ हायवेने विंडसर, तिथून अमेरिकेत जाणारा अँबॅसेडर ब्रिज, आणि मग सरळ आय-७५ हायवे, तोच रस्ता तुम्हाला फ्लोरिडात खाली सोडतो. जवळपास २,४०० किलोमीटर आहे. तरुण मुलं दोन दिवसांत करतात, आम्ही चार दिवस घेतले आणि ते बरोबर केलं: पहिला मुक्काम डेटनच्या आसपास, दुसरा चॅटनूगा, तिसरा वाल्डोस्टा, चौथ्या दिवशी संध्याकाळी फोर्ट मायर्स. विंटर टायर काढू नका, केंटकी संपून टेनेसी सुरू होतं तिथे जेलिकोचा डोंगर आहे, आम्हाला तिथे बर्फ पण लागला आणि धुकं पण. चॅटनूगाहून फार लवकर निघू नका, आम्ही अटलांटा सकाळी दहानंतर गाठलं तर गर्दी ओसरली होती. मेकनच्या पुढे कधीतरी ह्यांनी जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकलं ते मार्चपर्यंत तसंच पडून होतं.

बॉर्डरबद्दल एक महत्त्वाचं. कॅनडियन नागरिकांना साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं पण ११ एप्रिल २०२५ पासून ३० दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांना रजिस्ट्रेशन लागतं, आणि गाडीने गेलात तर आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची अधिकृत नोंद, तीच रजिस्ट्रेशन म्हणून धरतात) आपोआप मिळत नाही. आम्ही निघायच्या आठवड्यातच ऑनलाइन अर्ज केला आणि पुलावर ऑफिसरला तसं स्पष्ट सांगितलं. भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंट, घरचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आणि इन्शुरन्सचा कागद एका फोल्डरमध्ये हाताशी ठेवला होता, परत जाणार आहात हे दाखवता आलं पाहिजे.

घर भाड्याने घेतलं होतं ५५ प्लस (म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांच्या) वस्तीत, तळमजला, दोन बेडरूम. इथे माझी चूक सांगते. मालकाने पाठवलेल्या फोटोंमध्ये लनाय (म्हणजे जाळी लावलेली बंद व्हरांड्याची जागा, तिकडे सगळे लनायच म्हणतात) तळ्याकडे तोंड करून दिसत होती, तळं होतंही, पण त्याच्या पलीकडे लगेच सहा लेनचा रस्ता, पहाटे पाचपासून ट्रक. व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं असतं तर आवाजच ऐकू आला असता. तेव्हा व्हिडिओ कॉल करा, मालकाला बाहेर उभं राहायला सांगा, आणि घर न बघता सगळे पैसे वायरने पाठवू नका. भाड्यावर टॅक्स लागतो हेही आम्ही आधी धरलं नव्हतं: लेखी करार सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा नसेल तर स्टेटचा ६ टक्के आणि त्यावर काउंटीचा वेगळा. विजेच्या बिलाला मर्यादा आहे का, क्लीनिंग कोण देणार, आणि ५५ प्लसमध्ये नातवंडं किती रात्री राहू शकतात हे करारात लिहून घ्या. आमच्याकडे मार्च ब्रेकला नातू येणार होता म्हणून हे मी विचारलं होतं, ते एक बरं झालं. पैशाचं म्हणाल तर अमेरिकन डॉलरचं कार्ड आधीच काढा, साध्या कार्डावर बहुतेक बँका वर अडीच टक्के लावतात.

आणि हवा. काय सांगू, दुपारी २३-२४ डिग्री, सकाळी हलका स्वेटर. संक्रांतीला मी लनायमध्ये बसून शेजारणींना तिळगूळ दिला, एक मिशिगनची, एक ओहायोची, दोघींनी ‘गोड बोला’ म्हणायचा खूप प्रयत्न केला. ह्यांनी दुसऱ्या आठवड्यात रोज चार किलोमीटर चालायला सुरुवात केली, गुडघ्याचा पट्टा न लावता, हे बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. पण अगदी स्वर्ग समजू नका. जानेवारीच्या शेवटी तीन रात्री अशी थंडी पडली की घरातलं हीटिंग पुरेना, गरम कपडे न्याच. अशाच एका थंड सकाळी मॅनेटी पार्कला जा, नदीच्या त्या भागात वीज केंद्रातून कोमट पाणी येतं आणि पाणी २० डिग्रीच्या खाली गेलं की मॅनेटी (पाण्यातले मोठे, शांत प्राणी, समुद्रगाय म्हणतात ते) तिथे गोळा होतात. आम्ही दोन तास कठड्याला धरून उभे होतो. फेब्रुवारीत किनाऱ्यावर रेड टाइड (समुद्रात वाढणारं विषारी शेवाळ) आली, चार दिवस मला खोकला आणि घसा खवखवणं, दमा असेल त्यांनी अशा दिवसांत बीचवर जाऊच नये. मी अर्जंट केअरला गेले पण आधी इन्शुरन्सच्या नंबरवर फोन करून, तसं न करता गेलात तर पैसे मिळताना त्रास होतो.

विकत का नाही, ते आता. वस्तीत बरेच जुने स्नोबर्ड (दर हिवाळ्यात थंडीतून इकडे येणारे) भेटले, त्यातले दोघं कॉन्डो विकून पुन्हा भाड्यावर आलेले. २०२१ मध्ये सर्फसाइडला इमारत कोसळून ९८ माणसं गेली, त्यानंतर तीन मजले किंवा जास्त असलेल्या जुन्या इमारतींना तपासणी सक्तीची झाली आणि दुरुस्तीचा राखीव निधी टाळता येईना, त्यामुळे त्यांचा महिन्याचा मेंटेनन्स वाढत गेला आणि वर एकदम मोठी स्पेशल असेसमेंट (दुरुस्तीसाठी घरमालकांकडून घेतलेली जादा वर्गणी) आली. शिवाय सप्टेंबर २०२२ चं इयान वादळ तर ह्याच भागावर आलं, २०२४ मध्ये हेलीन आणि मिल्टन दोन आठवड्यांच्या अंतराने. वादळाचा सीझन जून ते नोव्हेंबर, म्हणजे आपण मिसिसॉगात बसून टीव्हीवर आपलंच घर बघणार. मला ते नको. भाडेकरूला एप्रिलमध्ये चावी देऊन मोकळं होता येतं. कायमचं तिकडे जायचं तर आमच्यासारख्यांना व्हिसाचाच प्रश्न आहे, आणि ओहिपसाठी कुठल्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस ओंटारिओत असावं लागतं. जे उशिरा कॅनडात आले, १८ वर्षांच्या वयानंतर इथली २० वर्षं भरली नाहीत, त्यांनी ओल्ड एज सिक्युरिटीचं (सरकारी म्हातारपणाची पेन्शन) पण बघावं, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ती थांबते. जीआयएस (कमी उत्पन्न असलेल्यांना त्या पेन्शनवर मिळणारी भर) तर सगळ्यांचीच थांबते.

चांगली घरं पुढच्या वर्षासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच जातात कारण राहणारेच परत बुक करतात. म्हणून मार्चमध्ये आम्ही त्याच वस्तीत पायी फिरून घरं बघितली, सकाळी सातला एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा, आणि आतल्या गल्लीतलं एक ठरवून डिपॉझिट दिलं.

दिवस मात्र वहीत लिहा. बॉर्डर ओलांडलेले जातानाचा आणि येतानाचा दोन्ही दिवस पूर्ण धरतात, आणि दोन्ही देश एकमेकांना नोंदी देतात. अमेरिकन टॅक्सवाले ह्या वर्षीचे दिवस, मागच्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश अशी बेरीज करतात, ती १८३ झाली की तिथले टॅक्स रहिवासी धरू नये म्हणून पुढच्या वर्षीच्या १५ जूनपर्यंत फॉर्म ८८४० (आपला जवळचा संबंध कॅनडाशीच आहे असं सांगणारा) भरावा लागतो. दर वर्षी साधारण चार महिने जाणारे त्यात येतात. आमचे यंदा ८९ झाले. पुढच्या वर्षी ११० दिवस राहायचं म्हणतोय, त्यात ८९ चे तिसरा हिस्सा म्हणजे जवळपास ३० मिळवले तरी १४० होतात, म्हणून तेवढे दिवस राहू असं हे म्हणतायत आणि मी वहीत पुढचं पान आखून ठेवलंय.