पल्स ऑक्सिमीटर ९५ दाखवत होता

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे, आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेवर ज्युनियर्सना दरवर्षी लेक्चर देते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हवं तेवढं हसता येईल.

भर हिवाळ्यात आम्ही पाच जण साधारण २७०० मीटरवरच्या एका हटमध्ये दोन रात्री राहायला गेलो होतो. स्नोशूज घालून पाच तास चाल, पोचलो तेव्हा अंधार. एकच खोली, कोपऱ्यात लाकडाचा लोखंडी स्टोव्ह, त्याचं धुराडं छपरातून वर गेलेलं. पाणी नाहीच, बर्फ वितळवायचा. आणि ते काम संपतच नाही हो, भांडं शिगोशीग भरा, तळाला बोटभर पाणी मिळतं, शिवाय आधी थोडं पाणी घातलं नाही तर भांडं करपून सगळ्याला जळका वास. त्यामुळे स्टोव्हच्या जोडीला गॅसचा बर्नरही रात्री उशिरापर्यंत चालूच. बाहेर वादळ, खिडकीच्या फटीतून बर्फ आत यायला लागला म्हणून कोणीतरी तिथे जॅकेट कोंबलं, आणि झोपताना निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून स्टोव्हची हवेची झडप जवळजवळ बंद केली. ती मीच केली.

सकाळी पाचही जणांचं डोकं ठणकत होतं. मी अगदी शहाण्यासारखं जाहीर केलं, अल्टिट्यूड सिकनेस, पहिल्या रात्रीनंतर होतं असं. पॅरासिटॅमॉल वाटल्या. स्टोव्हशेजारी झोपलेली मैत्रीण उलटी करून आली आणि हसत बसली, तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९५. म्हटलं ठीक आहे, पाणी पी. आदल्या संध्याकाळी तिचाच आकडा ९२ होता, त्याचं मला काहीच वाटलं नाही. अल्टिट्यूडचा त्रास वाढला तर हा आकडा खाली यायला हवा, वर कसा जाईल? पण माझं डोकंही त्याच हवेत रात्रभर पडलेलं होतं ना.

आमच्यातला फोटोवाला दारासमोरचा बर्फ उपसायला बाहेर गेला होता. वीस-पंचवीस मिनिटांनी आत आला आणि म्हणाला, बाहेर गेलो तर डोकं एकदम मोकळं झालं यार. परत झोपला आणि दहा मिनिटांत, "च्यायला, आलं परत."

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. एकाच छपराखाली सगळ्यांना एकदम त्रास, बाहेर गेलं की बरं, आत आलं की परत. ही माझ्या लेक्चरची पहिली स्लाइड आहे! आणि दुसरी स्लाइड, साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखू शकत नाही, दोन्ही त्याला सारखीच लाल. हिमोग्लोबिनला मोनॉक्साइडची ओढ ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त, आणि मशीन तुम्हाला मस्त ९५ दाखवतं.

दार सताड उघडलं, मैत्रिणीला स्लीपिंग बॅगसकट ओढत बाहेर काढलं. निखारे बादलीत भरून बर्फात ओतले, चर्रर्र आवाज आला. वर बघितलं तर धुराडं दिसेचना, वाऱ्याने छपरावर बर्फाचा ढीग केला होता आणि टोपी त्यात गडप. वरून बंद, खालून झडप मी बंद केलेली. बर्नरनेही भर घातलीच असणार, थंडगार भांडं ज्योतीवर बसलं की गॅस अर्धवट जळतो.

तिला खरं तर ऑक्सिजन हवा होता. नुसत्या हवेवर रक्तातला मोनॉक्साइड अर्धा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतो. सॅटेलाइटवरून मेसेज केला, उत्तर आलं की ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नाही. आणि लगेच उतरावं तर आलो तो उतार पस्तीसेक अंशांचा, त्यावर रात्रीत अर्धा मीटर नवा बर्फ. तीस ते पंचेचाळीस अंशांतच बहुतेक हिमस्खलनं होतात, तिथे तिला घेऊन कोण जाणार? मग दाराबाहेर वाऱ्याच्या आडोशाला पाच जण एकमेकांना चिकटून बसलो, मी दर पंधरा मिनिटांनी तिला शंभरातून सात-सात वजा करायला लावत होते. त्र्याण्णवच्या पुढे ती जाईना. अकराच्या सुमारास एकोणऐंशीपर्यंत पोचली आणि वर मला शिवी दिली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी झाडीतल्या लांबच्या धारेवरून हळूहळू उतरलो. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तिच्या रक्तात मोनॉक्साइड ४ टक्के निघाला, म्हणजे मागे हिशोब केला तर सकाळी पंधरा-वीसच्या घरात असणार. तिथल्या ड्यूटी डॉक्टरने विचारलं, ओळखलं कोणी? मी फोटोवाल्याकडे बोट दाखवलं.

मैत्रिणीला ती सकाळ अजिबात आठवत नाही. पायात ग्लव्ह घालायची तिची खटपट चालली होती हे ती मानायलाच तयार नव्हती, पण फोटो आहे, फावडं घेऊन बाहेर जाण्याआधी त्याने गंमत म्हणून काढलेला. ती हसतेय, मागे खिडकीत कोंबलेलं जॅकेट, स्टोव्हची झडप बंद, आणि फोटोच्या कडेला मी, तिचं बोट धरून ऑक्सिमीटरकडे बघत मान डोलावतेय.