आधी रस्ता सांगा, मग माप : आमची वाटचाल

"पाच नंबरची नाल आहे का?" असा फोन आला की आम्ही उलट विचारतो, "घोडं चालतं कुठं?" डांबरावर, मुरमात, काळ्या रानात, की मंगल कार्यालयाच्या फरशीवर? काही जण वैतागतात. नाल मागितली तर हा चौकशा काय करतोय, असं त्यांना वाटतं. पण बेळगावच्या उद्यमबागेतलं आमचं छोटं वर्कशॉप आज ज्या वळणावर आलंय ते याच प्रश्नामुळं, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

मूळ धंदा घोड्यांचा नव्हताच. आजोबांची भट्टी शहापुरात होती. तिथं विळे, कुदळी, गाडीच्या धावा आणि मुख्य म्हणजे बैलांच्या पत्र्या, म्हणजे बैलांच्या खुराला ठोकायच्या नाला, व्हायच्या. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळं एका पायाला दोन आणि एका बैलाला आठ पत्र्या लागतात. संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात साखर कारखाने सुरू झाले, की उसाच्या गाड्या ओढणारे बैल डांबरी रस्त्यावर येत. त्या हंगामावर आमचं वर्ष निघायचं. पुढं ट्रॅक्टर-ट्रॉल्या वाढल्या आणि पत्रीची मागणी घटत गेली. ऐंशीच्या दशकात आप्पांनी उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये लेथ आणि पॉवर प्रेस टाकली, पंपाचे आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग जॉबवर्कनं करायला घेतले. आजही पगार त्यातूनच होतात हे आधीच सांगतो, नाहीतर नालेच्या जिवावर कारखाना चालतो असा कुणाचा समज व्हायचा.

घोड्याची नाल आमच्याकडं आणली ती एका नालबंद चाचांनी. टांगे चालत होते तोवर त्यांच्याकडं सकाळपासून रांग असायची. टांगे गेल्यावर लग्नाची घोडी, हौशी लोकांची जनावरं आणि शर्यतीचे घोडे एवढंच काम त्यांना उरलं. ते नाल करायचे बांधकामाच्या सळीची, नाहीतर ट्रकच्या जुन्या पाट्याची. दोन्हीत घोळ होता. सळी चपटी केली तरी अंगानं गोलसर राहते, मग सगळा भार खुराच्या कडेला एका चिंचोळ्या रेषेवर येतो. पाट्याचं पोलाद इतकं कडक, की ऐरणीवर थंड ठोकून खुराच्या आकाराला आणायचं म्हटलं तर हातच भरून यायचा. शिवाय कडक नाल गुळगुळीत घासते आणि डांबरावर घसरते. चाचांनी आप्पांना एकच मागणी केली, "मऊ लोखंडाची पट्टी सरळ कापून, वाकवून, भोकं पाडून द्या. बाकी मी बघतो."

ती 'बाकी' समजायला मला पुढं कैक वर्षं त्यांच्या शेजारी उकिडवं बसावं लागलं. घोड्याचा पुढचा खूर गोल असतो, मागचा जरा निमुळता. अंगाच्या वजनातला साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. खुराची भिंत महिन्याला ८ ते १० मिलिमीटर वाढते, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो, मग ती नाल झिजलेली असो की नसो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खूर निर्जीव ठोकळा नाही. पाय टेकला की तो टाचेकडून किंचित फाकतो, उचलला की पुन्हा आवळतो. टाचेत खिळा मारला तर ते फाकणं बंद पडतं. म्हणून खिळे नेहमी पुढच्या अर्ध्या भागात, खुराच्या सगळ्यात रुंद जागेच्या अलीकडं. तळव्यावर भिंतीला लागून एक पांढरी रेघ दिसते. खिळा तिच्या बाहेरून गेला पाहिजे, आत गेला की जिवंत भागात घुसलाच. त्यासाठी नालेच्या खिळ्याचं टोक एका अंगानं तिरपं असतं. तिरपी बाजू आत ठेवून ठोकलं की खिळा वळत वळत भिंतीतून बाहेर निघतो. हे खिळे आम्ही करत नाही, तयार घेतो. ते काम वेगळ्या कसबाचं आहे.

वर्कशॉप माझ्याकडं आलं तेव्हा आमच्याकडं मापांचे फर्मे होते आणि प्रत्येक मापात एकच घाट. मोठा घोडा, मोठी नाल. पण तक्रारी मापाच्या येतच नव्हत्या. अथणी-रायबागकडचं गिऱ्हाईक म्हणायचं, नाल चिखलात निघून पडते. खानापूरकडचं म्हणायचं, नाल जागेवर आहे पण घोडा लंगडतो. दोघांनाही दिलेली नाल एकाच फर्म्याची, एकाच दिवशी वाकवलेली. एकाच जिल्ह्यात जमिनी किती वेगळ्या आहेत ते मला खरं कळलं ते या तक्रारींच्या वहीमुळं.

पूर्वेकडं काळी जमीन. भिजली की ती खूर धरून ठेवते, आणि पाय उचलताना नाल खाली ओढली जाते. त्यात पुढच्या नालेची टाच मागं डोकावत असेल तर मागच्या पायाचं टोक तिच्यावर पडतं आणि नाल उपटली जाते. तिथं आम्ही टाच आखूड केली आणि आतली कड उतरती ठेवली. आतून सरळ उभी कड चिखल धरून ठेवते, उतरत्या कडेवरून तो सुटतो. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, चंदगडकडं जांभा आणि मुरूम. तिथं खडा नालेच्या आत शिरून तळव्याला बोचतो. त्यासाठी पट्टी रुंद हवी, पण रुंद पट्टी तळव्यावर टेकली तर तीच दुखापत करते. म्हणून वरच्या बाजूनं, म्हणजे खुराकडं, आतली अर्धी रुंदी किंचित खोल घासली. भार फक्त भिंतीवर, तळव्यावर नुसतं छप्पर. त्या भागातला पाऊस ही आणखी एक गोष्ट. खूर भिजून मऊ पडतो, जुनी भोकं सैल होतात, पुढच्या वेळी खिळा धरतच नाही. आम्ही त्या नालेला आठ भोकं पाडतो आणि खिळे सहाच मारायला सांगतो. भिंत जिथं शाबूत असेल तिथलं भोक नालबंदानं निवडायचं. खुराखाली रबराची चकतीही घालून पाहिली. उन्हाळ्यात ती छान चालली. पावसाळ्यात तिच्या आत चिखल कुजला आणि खुराला वास यायला लागला. आता ती फक्त कोरड्या दिवसांत देतो.

लग्नाच्या घोड्यानं आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. एका घोडीवाल्या मामांचा फोन आला होता, "मालक, घोडा फरशीवर घसरूलाय. कायतरी करा." पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच होता, पकड वाढवा. नालेच्या टाचेवर टंगस्टन कार्बाइडचे, म्हणजे लोखंडाहून कितीतरी कठीण पदार्थाचे, कण पितळेच्या झाळणानं बसवता येतात. डांबरावर ते घट्ट धरतात. पण घोड्याचा पाय जमिनीला टेकताना थोडासा पुढं सरकतो, आणि त्या सरकण्यातच धक्क्याचा बराच भाग जिरतो. पाय टेकल्या जागी खिळून राहिला तर तो धक्का थेट सांध्यात आणि शिरांत जातो. वरातीचा घोडा तर ढोल-ताशापुढं जागच्या जागी गिरक्या घेतो. खूर जमिनीला चिकटलेला आणि अंग फिरतंय, म्हणजे पीळ गुडघ्याखाली बसणार. जास्त पकड म्हणजे जास्त सुरक्षित हा समज घोडेवाल्यांत फार आहे आणि मला तो अजिबात पटत नाही. वर कार्बाइडनं कार्यालयाच्या फरशीवर ओरखडे उठतात ते वेगळंच. नवरदेव उतरायच्या आत व्यवस्थापक भांडायला हजर.

शेवटी दोन प्रकार ठरले. फक्त रस्त्यावरच्या वरातीसाठी नालेच्या तळाला टाचेपासून टाचेपर्यंत अखंड खाच. त्या खाचेत माती बसते, आणि डांबरावर लोखंडापेक्षा ती मातीच बरी धरते. फरशीवर जाणाऱ्या घोड्यासाठी पातळ लोखंडी नालेखाली पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचा, थर. तो पुढच्या तासणीपर्यंत कसाबसा टिकतो आणि महाग पडतो, म्हणून लग्नसराईपुरताच घ्या असं आम्हीच सांगतो. घोडीवाले मामा आता दोन्ही प्रकार घेतात.

शर्यतीच्या घोडागाड्यांचा नाद आपल्या सीमाभागात किती आहे हे निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला सांगायला नको. त्यांची मागणी एका शब्दाची, हलकी. ती बरोबरच आहे, कारण पायाच्या टोकाला बांधलेलं वजन प्रत्येक पावलाला उचलून फेकावं लागतं. लोखंडाची घनता ७.८५, अॅल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याच घाटाची नाल जवळपास एक तृतीयांश वजनाची होते. रेसकोर्सवरच्या घोड्यांना तीच असते. पण रेसकोर्सवर हिरवळ नाहीतर वाळू असते. आपली गाडी धावते डांबरावर किंवा माळावर, आणि डांबर अॅल्युमिनियमला कानशीसारखं खातं. म्हणून मऊ मातीच्या शर्यतीला अॅल्युमिनियम आणि डांबराला कमी रुंदीची पातळ लोखंडी, असं आम्ही सांगतो. काही जण ऐकतात. "बेळगावातच अॅल्युमिनियमचा कारखाना, मग तुम्हाला स्वस्त पडत असेल की," असंही बरेच म्हणतात. इथल्या कारखान्यात अॅल्युमिना, म्हणजे ज्यापासून पुढं धातू काढतात ती पांढरी पूड, तयार होतो, धातूची पट्टी नाही. ती आम्हाला बाहेरूनच आणावी लागते.

एकाच जनावराला दोन जमिनी लागतात याचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून माऊलींचे अश्व दर ज्येष्ठात आळंदीला निघतात. तीनशे किलोमीटरच्या आसपास वाट, बरीचशी डांबरी. पुढं पंढरीच्या वाटेवर पुरंदवडे, वाखरी अशा ठिकाणी रिंगणात तेच अश्व मातीत भरधाव सुटतात. त्यांच्या नालेशी आमचा काही संबंध नाही. पण अश्व निघताना बघायला गेलो की माझं लक्ष इतरांसारखं जरीपटक्याकडं जात नाही, पायांकडं जातं. बायको म्हणते, तुम्ही दर्शन कुणाचं घेता तेच कळत नाही.

आजारी खुराचं काम आम्ही करतो, पण जाहिरात करत नाही. खुराच्या आत सूज येऊन हाड खाली झुकलं, तर दोन्ही टाचा जोडणारी आडवी पट्टी घातलेली बंद नाल लागते. कधी त्या पट्टीला तळव्यातल्या मऊ त्रिकोणाला आधार देणारी जीभ जोडावी लागते. पशुवैद्यांची चिठ्ठी आणि एक्स-रे आल्याशिवाय आम्ही अशी नाल वाकवत नाही. चुकीच्या जागी आलेला आधार घोड्याला बसवून टाकतो.

एक गिऱ्हाईक मात्र कुठल्याच प्रकारात बसत नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी फोन येतात, काळ्या घोड्याची झिजलेली नाल हवी, शनीसाठी. नव्या कोऱ्या जोडापेक्षा जास्त पैसे द्यायला लोक तयार असतात. शेडच्या भिंतीवर आम्ही जुनी नाल लटकवून ठेवतो ती आमच्या अभ्यासासाठी. बाहेरची कड जास्त झिजली तर घोडा पाय कसा टाकतो ते कळतं, नुसतं टोक झिजलं तर तासताना टाच उंच राहिली का ते बघावं लागतं. ते सोडून ती विकायची म्हटलं तर धंदा जोरात चालेल. आमचा मुख्य फिटर म्हणतो, रंगाचा दाखला कोण देणार?

चाचा आता ऐरणीवर बसत नाहीत. त्यांचा नातू काम करतो. आमचा प्रत्येक नवा घाट आधी त्याच्याकडं जातो, कारण संगणकावर कितीही सुबक काढला तरी थंड ठोकून चार घावांत बसत नसेल तर तो नालबंद पुन्हा घेत नाही. चांगल्या नालबंदांची चणचण ही या धंद्याची खरी अडचण आहे. मेरठच्या लष्करी रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात शिकून निवृत्त झालेला एखादा नालबंद आपल्या भागात सापडला तर घोडेवाले त्याच्या तारखा धरून बसतात.

आता मागणीबद्दल. माप पाठवायचं तर खूर तासल्यावरचं पाठवा, आधीचं नको. घोडा चारही पायांवर सरळ उभा असताना पुठ्ठ्यावर खूर टेकवून पेन्सिलनं कड काढा. पेन्सिल उभी धरा, तिरकी नको. डावा-उजवा, पुढचा-मागचा लिहा. जुनी नाल असेल तर तीही पाठवा, धुतली नाही तरी चालेल. आणि रस्ता कसला ते लिहायला विसरू नका. खेचरासाठी हवी असेल तर वेगळं कळवा. त्याचा खूर अरुंद आणि उभट असतो, घोड्याचा फर्मा त्याला चालत नाही. त्याचा वेगळा फर्मा सध्या तयार होतोय. ऊस हंगामाच्या पत्र्यांची मागणी दसऱ्याआधी नोंदवावी, नंतर प्रेस मोकळी नसते.