बंड्याच्या वजनाची वही

आमचा कॉकटील (पोपटाच्या कुळातला छोटा, तुरेवाला पक्षी) बंड्या आजारी आहे, हे मला निदान चार दिवस उशिरा कळलं. तसा तो फुगून बसायचा, दुपारी जरा जास्तच झोपायचा. पण मी पिंजऱ्याजवळ गेले की लगेच तुरा उभारून ताठ व्हायचा. पुढे कळलं की पक्षी असंच करतात. आजारी दिसलेला पक्षी शिकाऱ्याच्या डोळ्यात भरतो, म्हणून अगदी त्राण संपेपर्यंत ते बरं असल्याचं सोंग वठवतात. त्या सोंगाला पुढचे दोन महिने मी पुन्हापुन्हा फसले.

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याला काट्यावर ठेवलं. ८४ ग्रॅम. त्यांच्या कार्डावर आदल्या वर्षीची नोंद ९३ होती. म्हणजे जवळजवळ दहा टक्के वजन गेलेलं, आणि पिसांच्या फुगाऱ्याखाली मला ते दिसलंच नव्हतं. विष्ठेतला जो पांढरा भाग असतो, युरेट, तो पिवळट हिरवा झाला होता. डॉक्टरांचा रोख यकृताकडे होता. त्यांनी घशातून आणि गुदद्वारातून नमुने घेऊन पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, पाठवले आणि अहवाल येईपर्यंत एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू केलं. निघताना म्हणाल्या, "तो कसा दिसतो ते मला फोनवर सांगू नका. आकडे सांगा."

मग वही केली. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवायचा, तोच घेतला. रोज सकाळी, रात्रीची साठलेली पहिली मोठी विष्ठा झाल्यावर आणि दाणे द्यायच्या आधी वजन करायचं. वेळ बदलली तर आकड्याला काही अर्थ नाही, कारण भरल्या पोटी चार-पाच ग्रॅम सहज वाढतात. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घालायचा आणि तो रोज बदलायचा. विष्ठा किती वेळा झाली, घट्ट भाग किती, युरेटचा रंग कोणता, पाणी किती पसरलंय, सगळं लिहायचं. घरचे हसले. पण कागद खोटं बोलत नाही.

औषध पाजणं हा वेगळाच प्रकार. पाण्यात घालून देता येत नाही का, असं मी विचारलं होतं. आजारी पक्षी पाणी कमी पितो आणि कडू लागलं तर पीतच नाही, मग पोटात किती गेलं याचा पत्ता लागत नाही. म्हणून टॉवेलात गुंडाळून, डोकं सरळ धरून, सिरिंज त्याच्या चोचीच्या डाव्या बाजूने उजवीकडे रोखून थेंबथेंब. घाई केली तर औषध श्वासनलिकेत जातं. दुसऱ्या दिवशी त्याने अर्धं औषध डोकं झटकून माझ्या चष्म्यावर उडवलं. पुन्हा द्यावं का? डॉक्टर म्हणाल्या, मनाने अजिबात देऊ नका, आधी फोन करा.

तिसऱ्या दिवशी बंड्याने शीळ घातली! मी आनंदाने सगळ्यांना मेसेज केले. वाटीत तोंड घालून दाणेही फोडत होता. वहीत मात्र ८४, ८२, ८१. चौथ्या दिवशी ७९. डॉक्टरांनी विचारलं, "वाटीत दाणे कमी होतात की टरफलं वाढतात?" वाटी कागदावर पालथी केली. टरफलं मूठभरसुद्धा नव्हती. निम्मे दाणे नुसते चोचीत घोळवून टाकलेले, अख्खे. तो खात नव्हता, खाण्याचं नाटक करत होता. विष्ठाही गर्द हिरवी आणि चिमूटभर होती, उपाशी पोटाची. त्याच दिवशी हाताने भरवणं सुरू झालं आणि पिंजऱ्याची एक बाजू उबदार ठेवायला सांगितलं.

पाचव्या दिवशी अहवाल आला. क्लॅमिडिया सिटासी, पोपटतापाचा जंतू. हाच जंतू माणसालाही होतो, ताप आणि खोकला घेऊन येतो. मला दोन दिवस कोरडा खोकला होताच, पण तो मी धुळीवर ढकलला होता. माझ्या डॉक्टरांकडे जाऊन घरात आजारी पक्षी आहे हे आधी सांगितलं. (तपासणीत काही निघालं नाही.) तेव्हापासून पिंजरा कोरडा झाडणं बंद. आधी कागद ओला करायचा, मास्क लावायचा, मग उचलायचा.

औषध बदलून डॉक्सिसायक्लिन हे दुसरं प्रतिजैविक आलं, तेही ४५ दिवस. पंचेचाळीस कशाला, म्हणून मी जरा हुज्जत घातली. हा जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि वाढत असतो तेव्हाच औषधाला सापडतो, म्हणून इतके दिवस. सोबत आणखी एक सूचना होती: पिंजऱ्यातलं समुद्रफेस, म्हणजे पक्षी कॅल्शियमसाठी खरवडतात ते माकुळीचं कवच, काढून टाका. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात पोचत नाही.

नव्या औषधाच्या तिसऱ्या दिवशी आकडा ७९ वर थांबला. चढला नाही, नुसता थांबला. त्या दिवशी मला शिळेपेक्षा त्या थांबलेल्या आकड्याचा जास्त आनंद झाला. मग ८०, ८०, ८२. युरेटचा हिरवा रंग साधारण आठवड्याने फिकटला, पुढे पांढरा झाला.

अठराव्या दिवशी पुन्हा घसरण. दोन ग्रॅम कमी, ओकारी, विष्ठेला आंबूस वास. औषध हरलं असंच मला वाटलं. डॉक्टरांनी अन्नपिशवीतला (गिळलेले दाणे आधी साठतात त्या गळ्याखालच्या पिशवीतला) नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर यीस्ट. प्रतिजैविकाने चांगले जंतूही गेले की बुरशीला रान मोकळं मिळतं. बुरशीचं औषध जोडलं, डॉक्सिसायक्लिन चालूच राहिलं. वही नसती तर ही घसरण मला आणखी आठवडाभर कळली नसती, कारण दिसायला बंड्या झकास होता.

तिसाव्या दिवसानंतर सगळ्यात जास्त कंटाळा मला आला, त्याला नव्हे. ८९ ग्रॅम, चावतोय, ओरडतोय, टॉवेल पाहिला की पिंजऱ्यात मागे पळतोय. रोजच्या झटापटीने आमची दोस्ती तुटणार असं वाटायचं. एका संध्याकाळी राहू दे आजचं, असं म्हणून मी सिरिंज खाली ठेवलीही होती. मग वहीतलं ७९ पाहिलं आणि उठले.

४५ वा दिवस संपला तेव्हा वजन ९१ होतं. औषध बंद झाल्यावर काही दिवसांनी पुन्हा नमुने दिले, ते स्वच्छ आले. त्या दुपारी समुद्रफेस पुन्हा पिंजऱ्यात अडकवलं. माझा हात बाहेर यायच्या आत बंड्या ते खरवडायला लागला होता.