तुम्ही विचारलंत म्हणून

"दादा, तुम्ही सरकारच्या समितीत बसता, मग आपलं गाव अतिवृष्टीच्या मदतीच्या यादीतून सुटलंच कसं?" पारावर, लग्नात, फोनवर, सगळीकडे हेच. न बोललेला प्रश्नही मला ऐकू येतो: तुम्ही तिकडचेच झालात का?

नाही झालो. समितीनं शिफारस करायची असते, सही दुसऱ्याची. शासन निर्णय निघतो तेव्हा तो आम्हालाही तुमच्यासारखाच मोबाइलवर कळतो.

त्या बैठकीचं सांगतो. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या मिळून एका, केंद्रावर. आपल्या शिवारात बांध फुटले, माती खरडून गेली; केंद्रावरचा आकडा मात्र 65 च्या आतच राहिला. मी सोयाबीनची दोन-चार झाडं उपटून नेली होती. शेंगा काळ्या पडलेल्या, दाण्याला शेंगेतच कोंब फुटलेले. साहेबांनी एक शेंग सोलली, दाणा बोटांत चुरडून पाहिला. म्हणाले, "तुमचं खरं आहे. पण आकड्याशिवाय हे गाव घेतलं, तर लेखापरीक्षणात उत्तर काय देऊ? शेजारच्या गावाला काय सांगू?" समोरचा मुजोर असता तर भांडलो असतो. हा माणूस ऐकून घेत होता, आणि तरी गाव यादीबाहेरच राहिलं. परतताना गाडीत मी कुणाचा फोन उचलला नाही.

मोर्चात होतो तेव्हा मीच ओरडायचो: तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात, तोच पुरावा धरा, यंत्र कशाला? आज मीच गावागणिक पर्जन्यमापक मागतो. तेव्हाचा मी म्हणेल, त्यांचाच नियम मान्य केलास. म्हणू दे. महावेध या शासनाच्या हवामान प्रकल्पामुळे मंडळागणिक स्वयंचलित केंद्र आलं, ते गावापर्यंत यायला कुणीतरी आत बसून भांडायला हवं. 2023 मध्ये सततचा पाऊस आपत्ती म्हणून धरायचं ठरलं. त्याचं श्रेय मी बैठकांना देतो, जुने सोबती मोर्चांना. यावर आमचं अजून जमत नाही.

आणि गावात यंत्र बसूनही शिवार सुटलं तर? मग पुन्हा पंचनामाच धरा म्हणावं लागेल, हे मलाही दिसतं.

राजीनामा द्या म्हणता. कोंब फुटलेलं पीक लांबून उभं दिसतं, पण बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. मदतीसाठीच्या 33 टक्के नुकसानीच्या अटीत ते कसं धरायचं, हे तिथे मांडायचं बाकी आहे. तोवर मी उठत नाही.