पवित्र दिसणारा प्लॅन

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायची (देवानं आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची) वेळ आली की लोक माझ्याकडे पाहतात, त्यांच्या मते माझ्याकडे रेडीमेड साक्ष आहे. पोराला पाळक व्हायचं होतं, पुण्याला सेमिनरीत ऍडमिशन झालं होतं, तेवढ्यात बाबांना लकवा मारला, पोरगा गावातच राहिला आणि आता इथं घरगुती उपासना घेतो, म्हणजे बघा देवाची योजना कशी, हालेलुया! मी ही साक्ष अशी देत नाही. बाबांच्या डोक्यातली रक्ताची गाठ देवानं मला गावात थांबवायला पाठवली, असं मी माईक हातात घेऊन कसं म्हणू, बाबा समोर खुर्चीवर बसून ऐकत असतात, त्यांनी काय समजायचं?

जे झालं ते एवढंच की मला जायचं होतं. ती युनियन बिब्लिकल सेमिनरी आधी आमच्याच यवतमाळात होती, 1953 ला इथं सुरू झाली आणि 1983 ला पुण्याला गेली, आई अजून म्हणते की इथंच राहिली असती तर डबा घेऊन एसटीनं गेला असता. बाबा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात उचलत नव्हता, तूर उभी होती, पराटीची, म्हणजे कापसाची, वेचणी अर्धी राहिली होती. मंडळीतले दोघंतिघं म्हणाले, "देवाच्या कामाले चालला तू, मांगं पाहू नको, नांगराले हात लावला का मांगं पाह्यचं नसते." वचन बरोबर आहे, बायबलात लूकच्या शुभवर्तमानात आहे. पण आमच्या म्हाताऱ्या पाळक साहेबांनी मला मार्कच्या शुभवर्तमानाचा 7 वा अध्याय उघडून दिला आणि म्हणाले, हे वाच आणि मग ठरव.

तिथं कुर्बानची गोष्ट आहे. आपल्याकडं फारशी कोणी सांगत नाही. त्या काळी एखादा म्हणायचा की माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं होतं ते मी देवाला अर्पण केलं, आणि मग त्याला आईबापासाठी काही करायची गरज उरत नव्हती. येशू यावर चांगलाच चिडतो, म्हणतो की तुम्ही तुमच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारता. म्हणजे देवाचं नाव घेऊन आईबापाला टाळणं ही युक्ती दोन हजार वर्षं जुनी आहे! सेमिनरीला जाणारा प्रत्येक जण हीच युक्ती करतो असं मी म्हणत नाही, ज्याच्या घरी भाऊ आहेत त्यानं खुशाल जावं. माझ्या घरी मी एकटाच.

यावर नंतर गंज विचार केला आणि मला वाटतं की आपण "माझी योजना की देवाची योजना" म्हणतो तेव्हा डोक्यात असतं की माझी म्हणजे पैसा, नोकरी, पुण्यात फ्लॅट, आणि देवाची म्हणजे सेवा, मंडळी, सुवार्ता. इतकं सोपं असतं तर ओळखायचं काय राहिलं. बायबलमध्ये देव ज्यांना थांबवतो त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे प्लॅन एकदम पवित्र आहेत. दावीद राजाला देवाचं मंदिर बांधायचं होतं, दारूचं दुकान नाही. त्यानं नाथान संदेष्ट्याला सांगितलं, नाथान लगेच म्हणाला जे मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्यासोबत आहे, आणि त्याच रात्री देवानं नाथानाला सांगितलं की मंदिर दावीद नाही बांधणार, त्याचा मुलगा बांधेल. म्हणजे खुद्द संदेष्टाही पहिल्या झटक्यात हो म्हणून बसला. (त्यामुळं कोणी आलेले ब्रदर डोक्यावर हात ठेवून "प्रभू म्हणतो" म्हणाले की मी एक रात्र तरी थांबतो.) आणि दाविदाचा तो विचार वाईट होता असं देव म्हणत नाही, पुढं त्याचा मुलगा शलमोन मंदिराच्या अर्पणाच्या वेळी सांगतो की तुझ्या मनात हे आलं ते चांगलंच केलंस असं देव माझ्या बापाला म्हणाला होता. मला ही ओळ फार आवडते. इच्छा चांगली, तरी उत्तर नाही. दावीद रुसून बसला नाही, सोनं, लाकूड, दगड जमवत राहिला, बांधलं पोरानं.

येशूचा प्रेषित पौल, त्याचं तर अजून भारी. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16, त्याला आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानात) वचन सांगायचं होतं, आत्म्यानं मना केलं, बिथुनियाकडं वळला, तिकडंही मना, शेवटी त्रोवस गाठलं आणि रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा माणूस दिसला. समुद्र ओलांडून फिलिप्पैला गेला तर तिथं वचन मनावर घेणारी पहिली कोण, लुदिया, जांभळी वस्त्रं विकणारी, थुवतीराची. आता नकाशा काढा आणि थुवतीरा बघा, ते त्याच आशिया प्रांतात आहे जिथं पौलाला जाऊ दिलं नव्हतं! हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी एकटाच हसत होतो, बायकोला वाटलं मोबाईलवर काही पाहतोय.

पण यातून लोक लगेच दुसरं टोक गाठतात, की अडथळा आला म्हणजे देवाचा नकार. तसंही नाही ना. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात तोच पौल लिहितो की मी इफिसात थांबतो कारण मोठं दार उघडलंय आणि विरोध करणारे पुष्कळ आहेत. दार उघडं आणि विरोध, दोन्ही एकत्र. आपल्या इथं मिरगाचा पहिला सडाका आला की सगळा गाव पेरायला धावते, आणि कृषीवाले सांगत असतात बाबांनो 75 ते 100 मिमी पाऊस होऊ द्या, नाहीतर दुबार पेरणी. थांबणाऱ्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. मग प्रार्थनेत काहून इतकी घाई?

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29:11 या वचनाचं स्टेटस तर घरोघरी, भवितव्य नि आशा, मागं सूर्योदयाचा फोटो. त्याच्या वरची 10 वी ओळ कोणी टाकत नाही, बाबेलात (तिथं देवाचे लोक कैदेत नेले होते) 70 वर्षं पूर्ण झाल्यावर, असं तिथं लिहिलंय. हनन्या नावाचा संदेष्टा 2 वर्षांत सुटका सांगत होता, लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया म्हणतो घरं बांधा, बागा लावा, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

उलटं पण होतं. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते ते कामधंद्यासाठी, धर्म शोधायला नाही. गाडीच्या डब्यात एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला, आणि 1895 ला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवासाला आध्यात्मिक कोण म्हणालं असतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या मंडळीतली एक पोरगी. नर्सिंगला नंबर लागलाय, आणि तिचे बाबा परवा माझ्याकडं आले की तिच्या लग्नासाठी प्रार्थना करा, चांगलं विश्वासी स्थळ आलंय, प्रभूनंच आणलं.

मी विचारलं, "प्रभूनं आणलं हे कसं समजलं काकाजी?"

"प्रार्थना करून राहिलो होतो न, अन् फोन आला."

"अन् नर्सिंगचा नंबर कोणाच्या प्रार्थनेनं लागला?"

काकाजी काही बोलले नाहीत. मग मी म्हटलं, "पोरीले विचारलं का? देव तिच्यासंगही बोलते."

ते म्हणाले, "ते लहान हाय, तिले काय समजते." बारावी पास, रविवारी लेकरांची शाळा घेते, तिला काय समजते म्हणे! फी भरायची तारीख जवळ आहे. हो म्हटलं नाही त्यांनी, नाही पण म्हटलं नाही. रविवारी उपासना झाल्यावर काकूला आणि पोरीला दोघींना घेऊन या म्हटलंय, पाळक साहेब पण थांबणार आहेत.