तुम्ही विचारलंत म्हणून: जॉन प्राइनच का?

घरी आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "हा अमेरिकेतला गायक जॉन प्राइन एवढा काय ऐकता? आवाज तर फाटकाच आहे." आजवर विषय बदलत आले. आता नीट सांगते.

प्राइन पोस्टमन होता. १९६०च्या दशकात शिकागोच्या उपनगरात घरोघर टपाल वाटायचा आणि चालता चालता मनात गाणी जुळवायचा. वारा फारच बोचरा झाला, की टपाल ठेवायच्या रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत शिरून डबा खायचा.

माझे वडीलही पोस्टमन, गुहागर तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फिरायची. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी असत. एक आजी पैसे मोजून कनवटीला लावायची आणि अण्णांना ओट्यावर बसवून घ्यायची. फॉर्मवर मुलाने लिहिलेल्या दोन ओळी वाचून झाल्या की म्हणायची, "परत वाच रे." पुढची वाडी लांब असली तरी अण्णा परत वाचायचे.

लहानपणी प्राइन एका वृद्धाश्रमात खोलीखोलीत पेपर टाकायचा. आपला नातूच भेटायला आलाय, असं तिथली काही माणसं भासवायची. ते मनात राहिलं आणि विशीतल्या त्या पोराने 'हॅलो इन देअर' लिहिलं. मुलं पांगलेली, एक लढाईत गेलेला, घरात दोघंच म्हातारी. एवढंच आहे त्यात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो ओटा दिसला.

पुढचं थोडक्यात. १९७० साली तो शिकागोच्या एका छोट्या क्लबात गात होता. रॉजर ईबर्ट या चित्रपट समीक्षकाने ऐकलं आणि वर्तमानपत्रात त्याच्यावरच लिहिलं. क्रिस क्रिस्टॉफरसन या नावाजलेल्या गायक-गीतकाराने पाठ थोपटली, १९७१ला पहिला अल्बम आला. नंतर मोठ्या रेकॉर्ड कंपन्या सोडून त्याने मित्रांबरोबर 'ओ बॉय रेकॉर्ड्स' काढली, तेव्हा अल्बम निघायच्या आधीच चाहत्यांनी त्याला पैसे पाठवले. पोस्टमनला लोकांनी पाठवलेल्या मनीऑर्डरीच त्या, माझ्या लेखी.

आता आवाज. १९९८मध्ये त्याला मानेचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रिया, रेडिएशन. आवाज खाली उतरला, खरखरीत झाला. त्याने गाण्यांची पट्टी उतरवली आणि गात राहिला. २०१३मध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झाला, त्यातूनही उठला. २०१८चा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. इतका वर त्याचा आधीचा एकही गेला नव्हता. एप्रिल २०२०मध्ये कोविडने त्याला नेलं. वय ७३.

'हॅलो इन देअर' दोनदा ऐका, एकदा १९७१चं, एकदा त्याच्या म्हातारपणीचं. मी अण्णांना दोन्ही ऐकवली. इंग्रजी त्यांना कळत नाही, म्हणून ओळीओळीचा अर्थ सांगत गेले. दुसरं संपल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "परत लाव."